प्रोफायलरमध्ये दिसलेला जोहार

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली तर ती काढून भाजीत घालणारी बाई आहे मी! त्यामुळे हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा...

मी भंडाऱ्याला एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे. आम्ही राईस मिलसाठी धान खरेदीचं सॉफ्टवेअर बनवतो. शेजारच्या टेबलावर वासुदेव बसायचा. सिहोऱ्याकडचा, वडील तलावात मासे धरणारे. या पठ्ठ्याची एक खोड होती — प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला तो ‘जोहार’ नावाचं रिकामं फंक्शन लिहायचा. काहीच काम न करणारं. आम्ही चिडवायचो. तो म्हणायचा, “ताई, बाबा जाळं टाकाच्या आंधी पाण्याले हात जोडून जोहार करते. आपलं बी तसंच.”

मागच्या हंगामात सॉफ्टवेअर अडकायला लागलं. मिलच्या काट्यापाशी ट्रॅक्टरांची रांग लागली, लोक उन्हात ताटकळले. आमच्या सरांनी शेतकऱ्यांसमोर सांगून टाकलं — चूक वासुदेवची. त्याला कामावरून काढलं, त्याचे सगळे जोहार मला पुसायला लावले. गावात लोक त्याला तोंडावर बोलायचे. पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो गेला.

यंदा परत तेच रडगाणं. सर म्हणाले, “त्याचीच घाण अजून निस्तरून राहिलो आपण.” मेलेल्या माणसावर खापर फोडायला काय जातं? माझी सटकलीच. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी ऑफिसच्या विंडोज डेस्कटॉपवर प्रोफायलर लावला. प्रोग्राम चालताना कोणतं फंक्शन किती वेळ खातं, ते दाखवणारं साधन असतं हे.

सगळ्यात वर नाव होतं — जोहार.

वाटलं, चुकून जुनी आवृत्ती चालली. प्रोग्राम नव्याने बनवून प्रोफायलर परत लावला. तरी जोहार! सगळा कोड धुंडाळला... कुठेच नाही. मग पाहिलं, याला बोलावतंय कोण? तर सरांनी स्वतः लिहिलेलं एक फंक्शन. ते उघडलं. एकेका पोत्याच्या नोंदीसाठी ते सगळ्या शेतकऱ्यांची नावं पहिल्यापासून वाचत बसायचं. तेवढं दुरुस्त केलं आणि सॉफ्टवेअर पळायला लागलं. जोहार गायब. प्रोफायलरचं आधीचं सेव्ह केलेलं रेकॉर्डिंग उघडलं, तर आता त्यातही नव्हता.

सरांना त्यांची चूक दाखवली. “चाललं ना? मग विषय संपव,” म्हणाले. मिलवर जाऊन लोकांना खरं सांगा म्हटलं, तर म्हणे, “आता त्याले काय फरक पडते?” इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

शेवटी मीच सिहोऱ्याला गेले. वासुदेवची बायको सुनंदा अंगणात तांदूळ पाखडत होती. चूक त्याची नव्हती, हे सांगितलं.

“मले मालूम होतं,” ती म्हणाली आणि पाखडत राहिली.

जोहारचं सांगितलं, तेव्हा मात्र तिनं सूप खाली ठेवलं.

“तुमच्या मशीनीले दिसला न तो, ताई?”

“हो.”

“मंग मले काहून नाही दिसत?”

ओळखीच्या जाणकारांनी मला बरीच तांत्रिक कारणं सांगितली. सगळी तपासली, एकही बसत नाही. माझं सोडा... सुनंदाला काय सांगू, ते तेवढं कुणीतरी सांगा.