क्लचचा पाय

सूर्यभाननं व्यंकटरावांच्या मानवतच्या जिनिंगचा ट्रक चौदा वर्षं चालवला. मग सोनपेठच्या वाटेवर बैलगाडी वाचवताना ट्रक नाल्यात गेला आणि त्याचा डावा गुडघा कायमचा आखडला. क्लच दाबणारा पायच गेला म्हटल्यावर मालकांनी त्याला फाटकावर बसवलं. ज्यांना त्यानं स्टिअरिंग धरायला शिकवलं, ते आता त्याच्यासमोरून धुरळा उडवत ट्रक काढायचे. त्याला नुसता संताप यायचा.

शहाऐंशी साली व्यंकटरावांना स्पोर्ट्स कारची हौस आली. हैदराबादेत दोन जुन्या विलायती गाड्या विकायला होत्या. दोन्ही दोन दारांच्या, बुटक्या. एक हातानं गिअर टाकायची, दुसरी आटोमॅटिक. इंजिनाची पारख सूर्यभानला, म्हणून मालक त्याला घेऊन गेले. सोबत रंगनाथ नावाचा ट्रक ड्रायव्हर होता.

"आटोमॅटिकला क्लच नस्तो म्हनं," मालक वाटेत म्हणाले. "ती घेतली तर ड्रायव्हर तूच."

सूर्यभान आधी आटोमॅटिकमध्येच बसला. डावा पाय लांब करून निवांत ठेवला आणि उजव्यानं ॲक्सिलेटर दाबला. गाडी पाण्यागत सुटली. पाच वर्षांनी हाताखाली स्टिअरिंग थरथरत होतं. हुसेनसागराला वळसा घालून परतताना त्याला उतरावंसंच वाटेना.

हातगिअरची गाडी मात्र त्याला विकणाऱ्याच्या फाटकाबाहेरही नेता आली नाही. दुसऱ्यांदा क्लच दाबताना गुडघ्यात अशी कळ गेली की घामच फुटला.

मग त्यानं बॉनेट उघडली. आटोमॅटिकच्या गिअरबॉक्सची तेलपट्टी ओढून बोटावर तेल घेतलं. लाल असायचं ते तेल काळं झालं होतं, करपल्याचा वास मारत होतं. त्यानं पट्टी पुसली, परत घातली, परत काढली. वास तोच.

"बोल की," मालक म्हणाले.

सूर्यभाननं बॉनेट आपटून लावली. मग चिडूनच बोलला, "हातगिअरची घ्या, मालक. हिचा गिअरबॉक्स जळत आलाय. आपल्याकडं ह्याला हात लावनारा मिस्तरी न्हाई."

"मग तुझं?"

"माझं काय इचारता? गाडीचं इचारलंत ना!"

मालकांनी हातगिअरचीच घेतली. परतीच्या प्रवासात आखडलेला पाय लांब करता यावा म्हणून सूर्यभान पुढं रंगनाथशेजारी बसला. मालक मागच्या अरुंद जागेत अवघडले होते. रंगनाथनं गिअर करकरवला की सूर्यभानच्या जिवाची तगमग व्हायची.

"क्लच पूर्ण दाब ना बाबा!"

"दाबायलोय की! तुमीच चालवता का?"

सूर्यभान डावा गुडघा चोळत राहिला.

घरी बायको केशरबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "एक डाव खोटं बोलला असता तर काय झालं असतं?"

"दोन महिन्यांत गाडी बंद पडली असती."

"दोन महिने तरी चालवली असती तुमी!"

ताट तसंच सारून तो उठला.

ती गाडी पुढं आठ वर्षं बिनतक्रार चालली. पाहुणे आले की व्यंकटराव बॉनेटवर थाप मारून सांगायचे, "सूर्यभाननं निवडलेली हाय." पाहुणे फाटकाकडं कौतुकानं बघायचे. सूर्यभान मान फिरवायचा आणि रंगनाथनं हॉर्न वाजवला की लंगडत उठून फाटक उघडायचा.