भुतांच्या भरवशावर

"एवढी भुतं आणायची कुठून?" असं म्हणून आमचे इंग्रजीचे सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि वर्गाकडे बघत राहायचे, जणू एखाद्या मुलाच्या दप्तरात भुतांचा साठा आहे.

बडोद्यातल्या एका मराठी शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी गणित. नव्वदीची ती वर्षं. गावात नवी दुकानं उघडत होती, गोरव्यातले कारखाने एकेक करून कायमचे कामगार काढून ठेकेदाराची माणसं घेत होते आणि आमच्या शाळेतली मुलं इंग्रजी माध्यमात चालली होती. अशा दिवसांत नववीच्या अवांतर वाचनाला एक जुनी इंग्रजी गोष्ट लागली होती. चिक्कू म्हातारा, नाताळच्या रात्री त्याला भेटायला आलेली भुतं आणि सकाळी सुधारलेला म्हातारा. मुलांना आवडायची. मलाही आवडायची, पण सरांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

"एक म्हातारा सुधारला, त्याच्या कारकुनाचं भलं झालं," ते शिक्षकखोलीत सांगायचे. "बाकीच्या कारकुनांनी काय करायचं, बाई? आपल्या मालकाला भूत दिसायची वाट बघायची?"

पुस्तकातली गोष्ट संक्षिप्त होती. त्यात भुताच्या झग्याखाली लपलेल्या दोन उपाशी, ओरबाडायला टपलेल्या पोरांचा प्रसंग गाळला होता. सरांच्या मते अख्खी गोष्ट त्या पोरांसाठीच लिहिलेली. त्यांनी तेवढा मजकूर स्वतः सायक्लोस्टाईल केला आणि दरवर्षी तो मुलांकडून पुस्तकात चिकटवून घ्यायचे. त्या दिवशी शाळेची झाडलोट करणारी शांताबेन कढईत खळ शिजवून आणायची. नंतर माझ्या तासाला सगळ्यांच्या वह्या एकमेकींना चिकटलेल्या.

परीक्षेत तात्पर्याला 'आपण दानशूर व्हावे' असं लिहिलं की सर शून्य द्यायचे. पालक भांडायला यायचे. "गाइडमध्ये हेच दिलंय," असं म्हणायचे. सर म्हणायचे, "मग गाइडला शून्य." हसू यायचं आणि वैतागही. मार्क पोरांचे जात होते, गाइडचे नव्हे.

आता शांताबेनचं सांगते. ती चौदा वर्षं शाळा झाडायची, पाणी भरायची, घंटा द्यायची. दर मे महिन्यात तिला कमी करायचं आणि जूनमध्ये नव्यानं घ्यायचं, म्हणजे ती कधी कायम होत नसे. शाळेत ही इतकी रुळलेली रीत होती की सुट्टीच्या आदल्या दिवशी ती स्वतःच किल्ल्या आणून द्यायची आणि "आवजो" म्हणून जायची. आम्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एका वर्षी सरांनी स्नेहसंमेलनात त्याच गोष्टीचं नाटक बसवलं. शाळेचे ट्रस्टी पाहुणे म्हणून आले. त्यांचा गोरव्यात कारखाना, अलकापुरीत ऑफिस. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं आणि त्याचाच जास्त राग येतो. नाटक बघून त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. स्टेजवर जाऊन ते म्हणाले, "आजे हुं पण सुधरी गयो." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मग त्यांनी शांताबेनला वर बोलावलं आणि पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेल्या साड्यांमधली एक तिच्यापुढे धरली.

तिनं हात पुढे केले होते. तेवढ्यात विंगेतून सर बाहेर आले.

"शेठ, साडी रहेवा दो," ते शांतपणे म्हणाले. "एने कायमी करो."

साडी नको, हिला नोकरीत कायम करा, असं सगळ्यांसमोर. ट्रस्टींनी सरांकडे पाहिलं, घडी मोडली असावी तशी साडी पुन्हा नीट केली आणि टेबलावर ठेवून दिली. शांताबेनचे हात थोडा वेळ तसेच होते. मग ती खाली उतरून खुर्च्या आवरायला लागली.

त्या जूनमध्ये तिला बोलावणं आलं नाही. सफाईचं काम एका ठेकेदाराकडे गेलं.

सरांनी अर्ज लिहिला. खाली आम्हा सगळ्या शिक्षकांची नावं टाइप केली आणि सह्या मागत फिरले. माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, "बघू, सर. निकालाचं काम संपू दे." निकालाचं काम महिन्यापूर्वीच संपलं होतं. ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी सही मागितली नाही.

दर सोमवारी शाळा सुटली की ते तो अर्ज घेऊन सायकलने अलकापुरीला जायचे आणि ट्रस्टींच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचे. कारकून चहा द्यायचा. "शेठ मिटिंगमां छे." निवृत्त होईपर्यंत त्यांचे सोमवार असेच गेले. एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, माझं चुकलं काय?" मी म्हटलं, "काहीच नाही." ते मला खरंच वाटत होतं. तरी त्यांना पाहिलं की माझी चिडचिड व्हायची. एवढं बरोबर बोलणाऱ्या माणसानं कधी कुणाचं भलं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

सर गेले त्यानंतर वर्षभरानं गोरव्याच्या भाजीबाजारात शांताबेन भेटली. एका कारखान्यात पॅकिंगला जात होती, तेही ठेकेदाराकडेच. माझ्याशी ती तिच्या शाळेतल्या मराठीतच बोलली.

"सर केम आहेत, बेन?"

मी सांगितलं. ती भेंडी निवडायची थांबली.

"त्यांना कधी बोलले नाही मी," ती म्हणाली. "मला ती साडी जोइती होती. मुलीचं सीमंत होतं त्या महिन्यात, तुमच्यात डोहाळजेवण म्हणतात ते. मला कोणी विचारलंच नाही."

बोलायचं म्हणून मी म्हटलं, "त्यांच्यामुळे तुझं काम गेलं."

"गेलं ना," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी उभे तेच राहिले, बेन. तुम्ही पहिल्या लाइनमध्ये बसलेल्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं भेंडी तागडीत टाकली आणि भाजीवाल्याशी भाव करायला लागली. मी पिशवी घेऊन उभी होते. त्या दिवशी मी बसलेच होते.