उजवा कौल

विडी ओढायची झाली की धोंडूदादा आधी देवाची परवानगी काढायचा. म्हणजे घरच्या घरी हात जोडून वगैरे नाही. तलप आली की डोक्यावर टोपी घालायची, चपला सरकवायच्या आणि तरातरा ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन गुरवाला हाक मारायची, "बाबाजी, कौल लाव!" भरल्या ताटावरून उठून हा माणूस निघाला की आमची आई ओटीवरून म्हणायची, "गेला बघ अर्ज करायला."

आमचा गाव भाट्याच्या पुलापलीकडे. आमच्या आणि त्याच्या परसात जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा. सकाळी मी रत्नागिरीला कचेरीत जायला निघालो की पलीकडून आवाज यायचा, "चला, चला, सुटली गाडी!" धोंडूदादाने सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती आणि निवृत्त झाल्यावरही त्याचा आवाज काही गाडीतून उतरला नव्हता. लग्नाच्या पंगतीत तो लोकांना "पुढं सरका, आत जागा हाय" म्हणूनच बसवायचा. नवरदेवालासुद्धा. आणि ही परवानगीची भानगड सुरू व्हायच्या आधी तोंडात कायम विडी. तोंडात विडी नसलेला धोंडूदादा मी पाहिला तो फक्त झोपलेला, आणि तेव्हाही ती उशाशी असायची.

हे सगळं बिनसलं ते शिमग्यात. शिमग्यात आमच्या देवाची पालखी घरोघरी येते आणि ज्याच्या अंगणात येते त्या घरच्या कर्त्याने तिला खांदा देऊन ढोलाच्या तालावर नाचवायची असते. धोंडूदादा पालखी अशी नाचवायचा की शेजारच्या वाडीतली माणसं बघायला यायची. त्या वर्षी त्याने खांदा दिला, एक फेरा घेतला आणि अंगणाच्या मधोमध थांबला. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. कुणीतरी पटकन खांदा बदलला. हा पायरीवर जाऊन बसला आणि त्याच्याच अंगणात त्याची पालखी दुसऱ्यांनी नाचवली. त्यावर कुणी काही बोललं नाही. आमच्या गावात लोक बोलले नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर.

मी त्याला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून बरंच समजावलं. धोंडूदादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ऱ्हावदे. पुढल्या शिमग्याला पालखी नाचवता येईल काय, ते बोला." डॉक्टर बिचारे सांगलीकडचे. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "विडी सोडलीत तर येईल."

"मग सोडली," धोंडूदादा म्हणाला.

सोडली कसली! पहिले काही दिवस तो बडीशेप खात होता. मग लवंग. मग सुमतीवहिनींच्या डब्यातली आमसुलं चोखायला लागला, ती इतकी की दात आंबले आणि त्याला भात चावेना. वहिनींवर ओरडायचा, कुत्र्यावर ओरडायचा, एकदा टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईवर ओरडला. वहिनी गडग्याशी येऊन मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांना एक विडी द्या नायतर मला माहेरी पोचवा." शेवटी त्याने ठरवलं, देवासमोर गाऱ्हाणं घालून विडी सोडायची. देवासमोर एकदा बोललं की सुटका नाही.

गावचे चार मानकरी जमले. बाबाजी गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा महाराजा, ह्यो तुझो लेकरू आज विडी सोडतो हा..." आणि ऐन वेळी धोंडूदादाचा धीर सुटला. तो मधेच बोलला, "तुझ्या परवानगीशिवाय ओढणार नाय असं म्हण!" बाबाजी गाऱ्हाण्याच्या नादात होता, तो तसंच म्हणून गेला. मानकरीही सवयीने म्हणाले, "व्हय महाराजा!" झालं. आमच्याकडे चौघांनी "व्हय महाराजा" म्हटलेलं परत घेता येत नाही. विडी सुटली नाही, फक्त देवाच्या अखत्यारीत गेली.

कौल लावणं हे काही दुकानातून काडेपेटी आणण्याइतकं सोपं नसतं. देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. पण त्याआधी गुरवाने आंघोळ करून, ओल्या पंच्याने विहिरीचं पाणी आणायचं. बाबाजी म्हणजे धोंडूदादाचा शाळासोबती आणि गावातला सगळ्यात सावकाश माणूस. तो आंघोळ करेपर्यंत धोंडूदादा सभामंडपात येरझाऱ्या घालायचा, तो फुलं शोधेपर्यंत त्याला शिव्या द्यायचा, आणि पाकळी सुटायची वाट बघता बघता दोघांची जुन्या मास्तरांवरून गप्पा सुरू व्हायच्या. डावी पाकळी पडायची तेव्हा नेमकं काय विचारलं होतं तेही लक्षात नसायचं.

आणि पडायची डावीच. दर खेपेला. मी बाबाजीला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "उजवीला पाणी जरा जास्त लावतोस काय रे?"

"देवाच्या कामात मी कोण?" बाबाजी म्हणाला आणि विडी पेटवली. तो स्वतः ओढायचा.

धोंडूदादाला मात्र ह्या खटाटोपात एक गोष्ट कळली होती. एकदा गडग्यावर टेकून मला म्हणाला, "ही तलप ना, ही हात दाखवणारा पॅसेंजर हाय. आता नाय थांबवलीस तर जगबुडी होईल असा हात हलवते. आपण डबल घंटी द्यायची. मागनं शिव्या घालते, घालू दे. जरा पुढं गेलं की दिसायची बंद होते."

"आणि पुढच्या स्टॉपवर?"

"तिथं दुसरी उभी असते मेली," तो म्हणाला. "रूटच तसला हाय."

गणपतीला त्याचा मुलगा सुनील मुंबईहून आला. बाप विडीवरून देवाशी भांडतोय हे ठाऊक असूनही तो मागच्या पडवीत सिगारेट ओढायचा. एके दुपारी तो वास माजघरात शिरला आणि धोंडूदादा आरतीचं ताम्हण तिथेच ठेवून निघाला. तोंड बघून मीही मागोमाग गेलो. त्या दिवशी देवळात गप्पा नाहीत, शिव्या नाहीत. तो थेट देवासमोर जाऊन उभा राहिला. बाबाजीने पाकळ्या लावल्या, आणि उजवी पडली.

तिघेही पाकळीकडे बघत राहिलो. बाबाजीचा चेहरा पडला. "उजवा दिला," तो हळूच म्हणाला आणि नाइलाजाने आपल्या खिशातली विडी काढून पुढे केली. धोंडूदादाने ती घेतली. नाकाशी नेली. डोळे मिटून वास घेतला. मला वाटलं, संपलं. एवढे महिने फुकट.

मग तो देवाला म्हणाला, "हो म्हणालास, बरं झालं. तुझा मान ऱ्हायला. पण शिमग्याला दम लागला तर खांदा तू देणार हायस काय?"

बाहेर येऊन त्याने ती विडी राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, दगडासमोर ठेवली. राखणदाराला विडी चालते. परत जाताना मला म्हणाला, "घरी कुणाला बोलू नको. सुनीलला तर नकोच." त्यानंतर तो देवळात जायचा, पण कौल लावायला सांगायचा नाही.

पुढच्या शिमग्याला पालखी त्याच्या अंगणात आली. त्याने खांदा दिला. ढोलवाले दमले, तो दमला नाही. वहिनी दारात उभं राहून रडत होत्या आणि कुणी बघितलं की डोळ्यांत गुलाल गेला म्हणत होत्या. मनसोक्त नाचून त्याने आपणहून पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर दिली, "चला, पुढं सरका, ह्याला चढू दे."

असे बरेच शिमगे त्याने नाचवले. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. माझ्या परसाला तेव्हापासून आवाजच नाही. सकाळी निघताना मी अजून उगाच गडग्याशी थांबतो.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे माडावर बसलेले, पण एकही खाली येईना. कुणी म्हणालं वहिनींची काळजी असेल, कुणी म्हणालं आंब्याच्या कलमांची असेल. सगळी आश्वासनं देऊन झाली. मग सुनीलला सुचलं. त्याने कुणाकडून तरी एक विडी घेतली आणि पिंडाशेजारी ठेवली. "बाबांचा जीव ह्यातच अडकला असणार," तो म्हणाला.

"उचल ती," बाबाजी म्हणाला.

"अहो, पण..."

"देव हो म्हणाला तेव्हासुद्धा तुझ्या बापसानं ओढली नाय. तू गणपतीला आला होतास ना, पडवीत ओढत होतास, त्याच दिवशी. उचल."

सुनीलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने वाकून विडी उचलली आणि खाडीत टाकली.

कावळा लगेच आला असं लिहायला मला आवडलं असतं. पण नाही आला. "कंडक्टर हाय," बाबाजी म्हणाला, "घाई नाय करायचा." आम्ही वाट बघत बसलो. बराच वेळ गेला. सुनीलचा हात सवयीने खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाकडे गेला, तिथे थोडा थांबला आणि रिकामाच परत आला.

मग कावळा शिवला.