मले सा भेटून नाही राहिला

भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे इथे लोक टाकतात ते अनुभव वाचून आजवर हसतच आले. आता तुम्ही माझ्यावर हसा... माझी ना नाही.

आधी माझ्या भावाबद्दल. दिनू अमरावतीच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वरात निघण्याआधी कॅसिओवाल्याकडून सूर घेऊन वाद्य जुळवावं लागतं. कॅसिओवाला ढिम्म बसला की दिनू ओरडायचा – "थांबा बे! मले सा भेटून नाही राहिला!" वऱ्हाडी मंडळी खो-खो हसायची. घरी चहाला उशीर झाला तरी हेच वाक्य.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे जेवायला येतो म्हणून तो बडनेऱ्याहून गाडीत बसला – आणि अकोल्याला उतरलाच नाही. पोलीस, दवाखाने, पेपरात फोटो... सगळं झालं. आई तेव्हापासून माझ्याकडेच असते. जिन्यात कुणाची चप्पल वाजली की दाराकडे बघते.

माझी मुलगी मुग्धा फ्रान्समध्ये शिकते. तिच्या शहरात एक जुना कॉन्सर्ट हॉल आहे आणि त्या हॉलचा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती तिथे गेली होती. "आजीला दाखव, लाइव्ह आहे," म्हणून तिने लिंक पाठवली. संध्याकाळी आम्ही ती टीव्हीवर लावली. स्टेजभर काळ्या कपड्यांतले वादक. सुरुवातीला एक बाई सनईसारख्या वाद्यावर एकच सूर धरते आणि बाकीचे सगळे त्यावर आपापलं वाद्य जुळवतात.

"पाह्य, यायले बी सा लागते!" आई कौतुकाने म्हणाली.

आणि त्या गलक्यातून, अगदी स्पष्ट –

"थांबा बे... मले सा भेटून नाही राहिला."

दिनूचाच आवाज. पण मस्करी नव्हती त्यात. अगदी रडकुंडीला आला होता तो.

आईने माझा हात घट्ट धरला. "दिन्या," एवढंच म्हणाली.

रेकॉर्डिंगमध्येही ते आहे. माझ्या नवऱ्याला तिथे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मुग्धा तर हॉलमध्येच बसली होती, तिला काहीच ऐकू आलं नाही. मीही मनाला समजावलं – ध्यास घेतला की माणसाला हवं तेच ऐकू येतं. म्हणून अमरावतीला जाऊन दिनूच्या बँडमास्तरांना तेवढाच तुकडा ऐकवला. कुठला, कशाचा, काही सांगितलं नाही. मास्तर उठून उभेच राहिले.

"कुठी हाये तो? काहून रडून राहिला?"



मग त्या हॉलचा इतिहास शोधून काढला. पूर्वी तिथे कापसाचं गोदाम होतं, बोटीने आलेल्या गाठी उतरायच्या. पुढे आग लागली. ऑर्केस्ट्राला तेव्हा स्वतःची जागाच नव्हती, कधी चर्चमध्ये, कधी शाळेत वाजवत फिरायचे. मग गोदामाच्या जागेवर हा हॉल उभा राहिला. कापूस म्हटल्यावर तुम्ही लगेच म्हणाल, आपल्या वऱ्हाडातलाच असणार. असेल बाप्पा! पण तेव्हा गाठी गेल्या म्हणून त्यांच्यामागे आजचा माणूस जातो का? दिनूकडे पासपोर्ट नव्हता. बऱ्हाणपूरच्या पुढे तो कधी गेला नव्हता.

मुग्धा त्याचा फोटो घेऊन हॉलच्या ऑफिसात जाऊन आली. "त्यांनी नीट ऐकून घेतलं गं... पण असा माणूस तिथे कुणी पाहिलाच नाही," तिने फोनवर सांगितलं.

नातेवाईक म्हणतात, किती दिवस वाट बघणार, त्याचं काय ते करून टाका. आई ऐकत नाही. "त्याचं वाजवाचं बाकी हाये अजून." तो जिवंत आहे का, हे मला माहीत नाही. नसेल तर तो तिथे का आहे, हेही माहीत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर खाली जरूर लिहा.

गेल्या रविवारी पुन्हा कार्यक्रम होता. आईने गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी मागवून घेतली आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसली. वादक आले, सूर जुळवणं सुरू झालं, आणि पुन्हा तोच आवाज, तेच शब्द. आईने पेटीची पट्टी दाबून धरली. भाता इतक्या जोरात मारत होती की तिला धाप लागली.

"घे ना रे बाळा! देऊन राहिली ना मी! घे!"

तिकडे टाळ्या झाल्या, कार्यक्रम सुरू झाला. ती लिंक एकाच बाजूने चालते. तिकडचं इकडे येतं, इकडचं तिकडे काही जात नाही.

आईने पट्टीवरचं बोट काढलं नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकू गेलं असन ना वं त्याले?"

मी हो म्हटलं.