नववा जोड

त्या रविवारी शेजाऱ्याच्या घरी यजमान धरून आम्ही नऊ जण जेवायला होतो आणि दाराशी चपलांचा एकही जोड नव्हता. शेजारी मिशनरी आहे. बायको आणि दोन मुलींसह तो आफ्रिकेत रस्त्यावरच्या मुलांसाठी घर चालवतो. नवी मुलं न जेवताच पळतात, म्हणून हे कुटुंब आधी त्यांच्या चपला कपाटात ठेवतं. आमच्या गावी, लोहाऱ्याला, सुटीवर आले तरी सवय सुटत नाही. परवा सिलिंडर द्यायला आलेला माणूससुद्धा वरणभात खाऊन गेला.

“पळाला त पळाला,” शेजारी म्हणतो, “उपाशी नाही पळाला पाहिजे.”

त्याच दिवशी ते परत निघाले होते. अडीचला नागपूरची जीप दारात आली. मुलींनी आठ जोड काढून दिले. नववा, त्यांच्या वडिलांच्या बुटांचा, कपाटात नव्हता. इथेच राहणारी शेजाऱ्याची आई सावकाश भात कालवत होती.

“माय, बूट कुठी हायेत?”

“मले काय माहीत? बस, जेव.”

“जेवलो ना.”

“मंग उद्या जेव.”

त्याने बूट शोधले नाहीत. आईच्या ताटाशी बसून आणखी एक पोळी खाल्ली. मग मी माझ्या चपला दिल्या. माझा नंबर सात, त्याचा नऊ. टाचा बाहेर ठेवून तो जीपमध्ये चढला.

संध्याकाळी त्याच्या आईने चपलांचे दोनशे ऐंशी रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले.

“काकू, बूट द्या, पार्सलनं पाठवतो,” मी म्हणालो.

“पाठवाचे नाहीत,” ती म्हणाली. “ते न्याले त्याले या लागते.”