काट्याला टिचकी

घाटाखालच्या हॉटेलात मी चहा घेत बसले होते. समोरच्या चार्जिंग पॉइंटवर झेंडूच्या फुलांनी भरलेला एक विजेवरचा पिकअप उभा होता. ड्रायव्हरने पडद्यावरचा बॅटरीचा आकडा पाहिला आणि काचेवर हळूच टिचकी मारली. आकडा काही हलला नाही.

माझे अण्णा अशीच टिचकी मारायचे. त्यांच्या डिझेलच्या पिकअपमधला इंधनाचा काटा अडकायचा आणि टिचकी बसली की थरथरत खरं काय ते सांगायचा. तरी अण्णांचा खरा भरवसा सीटमागच्या डिझेलच्या कॅनवर. तो कधी उघडल्याचं मला आठवत नाही. पण तो मागे डुचमळत असायचा, म्हणून तर अण्णा शीळ घालत घाट चढायचे. केबिनभर डिझेलचा वास असायचा. अजूनही तो वास आला की मला सुट्टी लागल्यासारखं वाटतं.

"चढेल ना घाट?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"रिकामी असली की पळते, ताई. माल भरला की धाकधूक," तो म्हणाला. "पुढच्या गाडीत म्हणे वाटेत बॅटरी चार्ज करण्यापुरतं छोटं पेट्रोल इंजिन देणार. कुणी म्हणतं, हे मॉडेलच बंद करणार."

ते छोटं इंजिन म्हणजे अण्णांचा कॅनच की, असं माझ्या मनात आलं.

फुलांवर पाणी शिंपडून तो निघाला. गाडीचा आवाजसुद्धा आला नाही. पहिल्या वळणाआड ती दिसेनाशी झाली, तरी मी चहाच्या रिकाम्या ग्लासवर टिचक्या मारत बसले होते.