न उडालेली बंदूक

"काका, आधी ती नळी भिंतीकडे करा," मी म्हटलं. गिरगावातल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात टेबलावर फाइली असतात. त्या दिवशी बंदूक होती.

"रिकामी आसा, मॅडम. घाबरू नकात," सावंतकाका म्हणाले. मुक्काम लालबाग, बावीस वर्षं बँकेच्या दारावर गनमन. जुनी बंदूक झिजली म्हणून नवी घेतली, तर तिची सेफ्टी लागेना. सेफ्टी म्हणजे चाप चुकून दाबला गेला तरी गोळी सुटू न देणारा खटका. त्यांना नेमणाऱ्या सिक्युरिटी एजन्सीने बजावलं होतं, धड बंदूक आणा, नाहीतर ड्युटी बंद. दुकानदार म्हणे, वापरून तुम्हीच बिघडवली.

मी परळला ग्राहक आयोगात तक्रार लावली. दुकानदाराचे वकील जोरात होते. "सर, हा शस्त्र कायद्याचा विषय आहे. बंदूक म्हणजे मिक्सर नव्हे."

"लायसन्स बघतं बंदूक कोणी बाळगायची," मी म्हटलं. "ती धड आहे की नाही, हे विकणाऱ्याने बघायचं. ग्राहक कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, तसं त्यातच लिहिलंय."

अध्यक्षांना पटलं. पण त्यांनी विचारलं, बिघाड पहिल्यापासून होता याला पुरावा काय? मी पुढची तारीख मागितली.

बाहेर येऊन काकांना विचारलं, "घेतल्यावर बंदूक होती कुठे?"

"पोलीस ठाण्यात. इलेक्शन होतं ना, तेव्हा लायसन्सच्या बंदुका जमा करायला लावतात! तिसऱ्याच दिवशी जमा केली. पावती दिलीय की तुम्हाला."

दिली होती. लॅमिनेट केलेली. पंच करून फाइलला लागेना, म्हणून मी ती न वाचताच खणात टाकली होती. हवालदारांनी स्वच्छ लिहिलं होतं: बंदूक नवीन, सेफ्टी सैल, काडतुसे दहा. बिलावरही काडतुसं दहाच. म्हणजे एकही बार झाला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या तारखेला पावती बघून वकीलसाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. "बावीस वर्षांत यांनी एकदाही गोळी झाडली नाही. मग नुकसान कसलं?"

मी उठायच्या आत काका उठले. "साहेब, उडाली नाय, तीच माझी नोकरी. दारात बायापोरं उभी असतात."

वकीलसाहेब खाली बसले. मला काकांचा फार अभिमान वाटला.

बंदूक बदलून मिळाली, लायसन्सवर नवा नंबर चढला, काका पुन्हा दारावर उभे राहिले. मी मात्र तेव्हापासून फाइलला न लागणारा कागद सगळ्यात आधी वाचते.